क्वेकर गाझातून निघून गेले, ते बरोबर होतं का?

उंबरठा
ख्रिस्ती संस्थांच्या मदतकार्याचा विषय निघाला की आपल्याकडे दोन मिनिटांत गाडी धर्मांतरावर येते. म्हणून मुद्दाम असं उदाहरण घेतोय, जिथे तो मुद्दा बाजूला ठेवला तरी भांडायला भरपूर उरतं.

१९४८ च्या अरब-इस्रायल युद्धात दोन लाखांहून जास्त पॅलेस्टिनी गाझाच्या चिंचोळ्या पट्टीत येऊन पडले. तिथले मूळ रहिवासी साधारण ८० हजार. कारभार इजिप्तच्या लष्कराचा. तिथलं मदतकार्य संयुक्त राष्ट्रांनी अमेरिकन क्वेकरांच्या फ्रेंड्स सर्व्हिस कमिटीकडे दिलं. (क्वेकर म्हणजे युद्धाला विरोध करणारा एक छोटा ख्रिस्ती पंथ.) या कमिटीला आदल्याच वर्षी, ब्रिटिश क्वेकरांच्या संस्थेसह, शांततेचं नोबेल मिळालं होतं. बाहेरून आलेले स्वयंसेवक मूठभर, बाकी राबणारे हात निर्वासितांचेच. पीठ, दूध, दवाखाने आणि तंबूंतल्या शाळा. शिकवणारेही छावणीतलेच.

मात्र १९४९ मध्येच त्यांनी संयुक्त राष्ट्रांना बजावलं की शिधावाटप असंच चालू राहिलं तर माणसं आतून खचतील. शिवाय पोटाची सोय झाली की राजकीय तोडग्याची घाई कुणाला राहणार? १९५० च्या एप्रिलअखेर सगळं काम यूएनआरडब्ल्यूए या संयुक्त राष्ट्रांच्या नव्या निर्वासित-मदत संस्थेच्या हाती देऊन ते बाहेर पडले. माझ्या मते इतका प्रामाणिक निर्णय मदतकार्यात क्वचितच सापडतो.

आडवाट
प्रामाणिक कसला, सोयीचा म्हणा! तत्त्व सांगणाऱ्याच्या खिशात परतीचं तिकीट होतं. तंबूतल्या बाईला 'यातून तोडगा निघत नाही, मी पण निघते' असं म्हणता येत होतं का? आणि ते गेल्यावर तोडगा निघाला? ७५ वर्षं होऊन गेली.

उंबरठा
@आडवाट, ते राहिले असते तर निघाला असता का? पीठ बंद झालं नाही, वाटणारे बदलले. उपाशी सोडून गेले असते तर तुमचं म्हणणं मान्य केलं असतं.

तिरकमठा
बाप्तिस्मा दिला नाही म्हणजे हेतू निर्मळ, हे गणित मला पटत नाही. उपकारही साठवता येतात. पहिल्या महायुद्धानंतर याच लोकांनी जर्मनीतल्या शाळाशाळांतून मुलांना जेवू घातलं. १९२१ मध्ये ऐन भरात रोज दहा लाखांच्या आसपास मुलं! कालपर्यंतच्या शत्रूची मुलं, हे कबूल. पण ती पुण्याई पुढे वटवलीच ना? डिसेंबर १९३८ मध्ये रुफस जोन्स आणि आणखी दोघे क्वेकर बर्लिनला थेट गेस्टापोच्या, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांच्या, कचेरीत गेले, ते त्याच जेवणाची आठवण देत.

सायली_वर्धा
@तिरकमठा, अहो, पण वटवली कुणासाठी? ज्यूंना मदत पोचवू द्या, देश सोडू द्या, हे मागायला! स्वतःसाठी काय मागितलं? अशी पुण्याई वटवणारे आणखी निघोत.
आणि क्वेकर आम्हा वर्धेकरांना परके नाहीत. मार्जोरी साइक्स सेवाग्रामला नयी तालीमच्या कामात होत्या. इथे आल्या त्या गांधीजींची शिक्षणपद्धती राबवायला.

तिरकमठा
एका साइक्सबाईंवरून सगळ्या मिशनऱ्यांना प्रमाणपत्र देऊ नका, एवढंच.

सायली_वर्धा
दिलं कुठे? धागा क्वेकरांचा आहे.

जुना_मास्तर
१९९३ साली किल्लारीच्या भूकंपानंतर दोन महिने तिकडे होतो. पत्र्याच्या शेडमध्ये पोरांना पाढे म्हणायला लावायचो. त्यामुळे वरच्या सगळ्यांपेक्षा माझं भांडण वेगळं आहे. पिठाचं पोतं तात्पुरतं असतं, संपलं की संपलं. शाळेचं तसं नाही. हजेरीपट घातला की तुम्ही गावाला सांगता, पुढच्या जूनमध्येही इथेच आहोत. किल्लारीच्या लोकांना निदान जवळच नवीन गाव मिळणार होतं. गाझातल्या लोकांना आपापल्या गावी परत जायचं होतं. तिथे शाळा उघडणं म्हणजे मुलाला वाऱ्यावर न सोडणं आणि त्याच वेळी 'आता तुमचं घर हेच' असं न बोलता सांगणं. 'तात्पुरते आहोत' म्हणणाऱ्यांनी शाळा काढावी का, हा माझा प्रश्न.

आडवाट
मास्तर, मग काय पोरं उन्हात बसवायची तोडगा निघेपर्यंत?

जुना_मास्तर
नाही हो. मीही काढलीच असती. पण मग निघताना 'वाटपाने माणसं खचतात' असं पत्र लिहायला माझा हात धजला नसता. ज्या मास्तरांना तुम्हीच तंबूत उभं केलं, ते खचले नव्हते. ते रोज घंटा देत होते.

उंबरठा
हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. शिध्याबद्दलचं त्यांचं म्हणणं मला अजूनही पटतं. शाळांबद्दल मात्र माझ्याकडे उत्तर नाही.

आडवाट
चला, अर्धा धागा तरी जिंकलो.