मदत हवी आहे: साथीत घरोघरी बीपी घेताना कफ (मशीनचा दंडाला बांधायचा पट्टा) कसा स्वच्छ ठेवायचा?

मी दिव्यात एएनएम (आरोग्य केंद्रातली नर्स) आहे. कोरोनासारखी साथ पुन्हा आलीच तर गरोदर बायांच्या तपासण्या कशा चालू ठेवायच्या, याचा आराखडा आमच्या केंद्राला लिहायचाय. 2020 मध्ये बाया दवाखान्यात यायलाच घाबरायच्या, म्हणून आम्ही फोनवर विचारपूस करायचो. डोकं दुखतंय का, डोळ्यांपुढे अंधारी येते का, तोंडावर सूज आहे का, बाळ हलतंय का, एवढं फोनवर कळतं. बीपी नाही कळत. 140/90 च्या वर गेलेल्या कितीतरी जणींना काहीच त्रास जाणवत नाही, हीच खरी भीती. त्यामुळे बीपी आणि लघवीतलं अल्ब्युमिन (प्रथिन) यांसाठी घरी जायचंच, हे पक्कं आहे.

अडलंय ते कफवर. आमचा कफ कापडी. ब्लीचच्या पाण्याने पुसला की तासभर ओला राहतो, आणि वेल्क्रोही धरेनासा झालाय. वरून प्लॅस्टिक गुंडाळून पाहिलं, तर तो दंडावरून घसरतो आणि आकड्यावर विश्वास बसत नाही. एका फेरीत दहा-बारा घरं असतात. प्रत्येकीला वेगळं मशीन देणं बजेटात बसणार नाही. व्हिडिओ कॉलचंही जमत नाही, बऱ्याच घरांत एकच फोन आणि तो नवऱ्याकडे.

ज्यांनी तेव्हा वस्तीत फिरून तपासण्या केल्यात त्यांना विचारते: पुसता येणारा रेक्झिनचा कफ वापरलाय का? दोन घरांच्या मध्ये तो कशाने पुसायचा आणि किती वेळ सुकू द्यायचा?