आधीचं शिकलेलं कॉलेजात जमा झालं का? (अनुभव धागा)

सोलापूरची, आता न्यू जर्सी

मोठेपणी पुन्हा कॉलेजात नाव घातलेल्यांना विचारायचंय. आधीची नोकरी, फौज, बालवाडी, अर्धवट सुटलेली पदवी, यातलं कॉलेजानं काय मोजलं आणि काय नाही? सल्ले नकोत, स्वतःचं सांगा. सुरुवात मी करते.

बी.कॉम. दुसऱ्या वर्षानंतर सुटलं. मग एका पतसंस्थेत ११ वर्षं. आधी कॅश काउंटर, मग कर्जखातं, शेवटी वर्षअखेरचे हिशेब. इकडे आलो तेव्हा माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, शिकता येत होतं. ट्रेंटनला थॉमस एडिसन स्टेट युनिव्हर्सिटी आहे, १९७२ साली मोठ्या माणसांसाठीच काढलेली. चाळिशीत तिथे नाव घातलं. पदवीला १२० क्रेडिटं (पुऱ्या केलेल्या अभ्यासाचं माप) लागतात. सोलापूरच्या दोन वर्षांची काही धरली गेली, उरलेल्यांसाठी दोन वाटा सापडल्या.

पहिली 'क्लेप' परीक्षा. वर्गात न बसता दीड तासाचा पेपर द्यायचा. गुण २० ते ८० मध्ये मिळतात, ५० आले की बरीच कॉलेजं त्या विषयाचं क्रेडिट देतात. फायनान्शियल अकाउंटिंग तर माझ्या डाव्या हाताचा मळ, असं मला वाटलं होतं. सरावाच्या पेपरातच आपटले. आपल्या ताळेबंदात देणी डावीकडे आणि मालमत्ता उजवीकडे, इथे उलट. ज्यांच्याकडून पैसे यायचेत ते आपले 'संड्री डेटर्स' इथे 'अकाउंट्स रिसीव्हेबल'. साठ्याची किंमत लिफोनं, म्हणजे शेवटी आलेला माल आधी खपला असं धरून, काढणं आपल्याकडे चालत नाही, इथे चालतं आणि त्यावर प्रश्नही येतात. ११ वर्षांची सवय मोडायला तीन आठवडे गेले. मग पेपरात पास झाले.

दुसरी वाट पोर्टफोलिओची. विषयाचा अभ्यासक्रम समोर ठेवायचा, त्यातला एकेक मुद्दा आपण नोकरीत कधी आणि कसा शिकलो ते लिहायचं, आणि प्रत्येकाला पुरावा जोडायचा. लिहायला बसले आणि पहिलं वाक्य आलं, 'मी कर्जखातं सांभाळत होते.' मार्गदर्शक बाईंनी समासात विचारलं, मग त्यातून काय कळलं? थकीत कर्ज कशावरून ओळखायचं, जामीनदार कधी खोटा वाटतो, हप्ता चुकवायच्या आधी माणूस काउंटरला यायचं कसं टाळतो, हे मी कधी कुणाला सांगितलंच नव्हतं. त्यावर सहा पानं झाली.

पुराव्यासाठी पतसंस्थेला पत्र मागितलं. दोन महिन्यांनी आलं. 'सदर कर्मचारी आमचेकडे ११ वर्षे कार्यरत होत्या. त्यांची वर्तणूक चांगली होती.' संपलं! नवीन मॅनेजरना तीन वेळा फोन करून, मजकूर मीच लिहून पाठवला, तेव्हा कुठे त्यात 'कर्ज' हा शब्द आला.

कोरेगावचा फौजी

ताई, तुमच्या पत्रात वर्तणूक तरी होती.

मी दहावीवर भरती झालो, १७ वर्षं काढली. मॅट्रिक जवानाची १५ वर्षं भरली की केंद्र सरकारच्या गट 'क' नोकरीसाठी त्याला पदवीधर धरतात, तसा दाखला मिळतो. घरी आल्यावर आईनं पेढे वाटले, पोरगा ग्रॅज्युएट झाला म्हणून. मीही तो दाखला घेऊन एम.ए.चा फॉर्म भरायला गेलो. खिडकीतल्या क्लार्कनं उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "मेजर, हे नोकरीपुरतं हाय. अ‍ॅडमिशनला नाय चालत."

पुढं १७ नंबरचा फॉर्म भरून बारावी केली, मग बी.ए. पहिल्या वर्षाला बसलो. भूगोलाच्या प्रात्यक्षिकाला सरांनी समोच्चरेषांचा नकाशा दिला. पोरं रेषा मोजत बसली. मी म्हटलं, सर, ह्या खिंडीतून गाडी जाणार नाही, आणि इथं बसलेल्याला ह्या टेकाडामागचं काही दिसायचं नाही. आठ वर्षं रंगरुटांना हेच शिकवत होतो. सर खूश झाले, गुणही चांगले दिले. पण पेपर सगळेच द्यावे लागले, एकही माफ नाही.

२०२२ पासून अग्निवीरांसाठी इग्नूची पदवी आहे. त्यात निम्मी क्रेडिटं फौजेतल्या प्रशिक्षणाची धरतात. पोरं नशीबवान आहेत.

मेलबर्नची बालवाडीवाली

कोल्हापुरात ९ वर्षं बालवाडी चालवली. इथे चाइल्डकेअरसाठी सर्टिफिकेट थ्री लागतं, आणि आरपीएलनं म्हणजे आधीच्या अनुभवावर ते मिळू शकतं असं मैत्रिणीनं सांगितलं. संस्थेनं फी घेताना 'नऊ वर्षं? मग काहीच अडचण नाही' म्हटलं. अडचण नंतर कळली. मुलांबरोबरचे किमान १६० तास इथल्याच, नोंदणी असलेल्या केंद्रातले लागतात. कोल्हापूरची नऊ वर्षं तिथे शून्य. प्रथमोपचाराचा कोर्सही नव्यानं करावा लागला, पण ते पटलं मला.

मग बालवाडीचा उपयोग कुठे झाला? तोंडी मुलाखतीत. परीक्षक बाईंनी विचारलं, चावणाऱ्या मुलाचं काय कराल? मी एक किस्सा सांगितला. एक पोरगा रोज साडेअकराच्या सुमारास कुणाला तरी चावायचा. आठवडाभर लक्ष ठेवलं तेव्हा कळलं, त्याला भूक लागलेली असायची, आमचा खाऊ बाराला. त्याचा डबा अकराला उघडायला लागले, चावणं थांबलं. बाई लिहिता लिहिता थांबल्या आणि म्हणाल्या, तुम्ही एका उत्तरात तीन मुद्दे संपवलेत.

भोसरी एमआयडीसी

माझं थोडक्यात. दहावीनंतर दोन वर्षं आयटीआय फिटर, मग कंपनीत सहा वर्षं. आयटीआयवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. एक वर्ष वाचलं म्हणून मित्रांना पार्टी दिली. पहिल्या वर्षाचं गणित मात्र सगळ्यांना येतंय असं धरूनच दुसरं वर्ष शिकवतात. मायक्रोमीटर मी डोळे मिटून धरायचो, पण इंटिग्रेशनचं चिन्ह पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं कुणीतरी एस ताणलाय. वाचलेलं वर्ष रात्रीच्या क्लासला गेलं.

वायरमन, हडपसर

आमच्या साइटवर सरकारच्या कौशल विकास योजनेची माणसं आली होती. १२ तासांची माहिती, मग परीक्षा, सर्टिफिकेट आणि खात्यात ५०० रुपये. चांगलं वाटलं, खोटं कशाला बोला. फ्रेम करून लावलंय. ठेकेदारानं पाहिलं, छान म्हणाला. रोजची मजुरी होती तेवढीच.

नाशिकचा मास्तर

मी शिकवणाऱ्यांपैकी आहे, तेव्हा शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो.

२०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात ३० तासांच्या शिक्षणाला एक क्रेडिट, आणि अनुभवाच्या वर्षांप्रमाणे क्रेडिटं वाढवायची सोय आहे, जास्तीत जास्त दुपटीपर्यंत. कागदावर छानच आहे. माझी अडचण अशी की दहा वर्षांचा अनुभव आणि एकच वर्ष दहा वेळा, यातला फरक फॉर्मवर दिसत नाही. तो ओळखायला कुणीतरी समोर बसून तासभर बोललं पाहिजे, मेलबर्नच्या ताईंच्या परीक्षक बोलल्या तसं. आमच्याकडे एका विषयाला दोनशे विद्यार्थी. कोण बसणार?

आणि अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सवर खातं उघडलं म्हणजे अनुभव आपोआप जमा होतो, असा अनेकांचा समज दिसतो. ती नुसती तिजोरी आहे. भरणा संस्थेनंच करायचा असतो.

सोलापूरची, आता न्यू जर्सी

सर, शिव्या कशाला? माझा पोर्टफोलिओ दोनदा परत आला होता. तेव्हा राग आला, पण तिसऱ्यांदा लिहिलेला खरंच बरा होता. एक विषय तर मीच मागे घेतला. कर्जवसुलीला 'मानवी संबंध' म्हणायला निघाले होते.

डोंबिवलीकर

मी १४ वर्षं पोळीभाजीचे डबे करते. दिवसाला चारशे पोळ्या, हाताखाली पाच बायका. मुलगी म्हणते आई, आता डिग्री कर. हे कुठल्या विषयात बसेल?

सोलापूरची, आता न्यू जर्सी

हिशेब, माणसं सांभाळणं, मालाची खरेदी, सगळ्यात बसेल की! रोजच्या हिशेबाच्या वह्या आहेत ना? त्या आधी बाजूला काढून ठेवा. जुन्यातली जुनीसुद्धा.

डोंबिवलीकर

दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याला दिल्या हो. अकरा किलो भरल्या.