घरातला बिनपगारी कॉम्प्युटरवाला : तुमचे अनुभव सांगा

पटावरचं प्यादं (सांगली)

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात आमच्या आण्णांची वेबसाईट बंद पडली, ती परत उभी करताना जे काय झालं त्यावरनं हा धागा काढतोय. प्रत्येक घरात एक जण असतोच ज्याला प्रिंटर अडला की हाक मारतात, पाहुण्यांकडं जेवायला गेलं की ताट वाढायच्या आधी हातात मोबाईल देतात, "एवढं बघ की रे". तो जण तुम्ही असाल तर लिहा. किंवा ज्याला हाक मारतात त्याच्या नावानं बोटं मोडत असाल तरी लिहा.

माझं आधी सांगतो. आण्णा रिटायर शिक्षक. सांगलीला बुद्धिबळाचं वेड जुनं, भाऊसाहेब पडसलगीकरांनी किती पोरं पटासमोर बसवली त्याला गणती नाय, आण्णा त्याच वातावरणात वाढलेले. स्वतः खेळलेले आणि बघितलेले डाव त्यांनी वह्यांत उतरवून ठेवलेत. मी २००८ ला त्यांना एक साधी साईट करून दिली, डोमेन, म्हणजे साईटचं नाव, त्यांच्याच जीमेलवर घेतलं, आणि विसरलो. दरवर्षी मेल यायचा, आण्णा मला सांगायचे, मी पैसे भरायचो. यंदा मेल आलाच नाही. आण्णांना वाटलं मी भरले, मला वाटलं अजून वेळ आहे. एक दिवस त्यांच्या मित्रानं साईट उघडली तर डाव गायब आणि भलत्याच जाहिराती.

मेल का आला नाही? तर जीमेलला फुकट मिळतात १५ जीबी, त्यातच फोटो, त्यातच ड्राईव्ह, आणि आता व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्यातच मोजतात. आण्णांच्या व्हॉट्सॲपवर रोज सकाळी सूर्योदय, गुलाब आणि गणपती मिळून पन्नास तरी फोटो येतात. १५ जीबी भरले की नवीन मेल आत येतच नाहीत, पाठवणाऱ्याकडं परत जातात. म्हणजे गुड मॉर्निंगनं आण्णांची साईट खाल्ली, असं मी घरी म्हणालो तर दोन दिवस अबोला. डॉट कॉमचं असं आहे की मुदत संपली तरी काही दिवस नेहमीच्या पैशात मिळतं, मग ३० दिवस दंड भरून सोडवावं लागतं, त्यानंतर कुणीही उचलू शकतं. आमचं दंडात गेलेलं. भरला. आता डोमेनवर दोघांचे मेल टाकलेत.

डाव मात्र एकही गेला नाही, कारण सगळे साध्या टेक्स्ट फाईलमध्ये होते, पीजीएन म्हणतात त्याला, नोटपॅडमध्ये उघडतं.

बोला आता.

गावभाग

सांगलीचाच आहे, त्यामुळं माझा अनुभव पाण्याचा. आमच्याकडं सगळा हिशोब मोजपट्टीनं, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, आणि घरात कुठली वस्तू कधी उचलायची ते २००५ च्या खुणेवरनं ठरलेलं. २००५ ला पाणी जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत आलं होतं, म्हणून २०१९ च्या ऑगस्टमध्ये बाबांनी सीपीयू पाचव्या पायरीवर ठेवला, वर प्लॅस्टिकचा कागद, आणि आम्ही मामाकडं विश्रामबागेत. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पाचवी पायरी कुठली, पूर्ण जिना गेला.

परत आलो तेव्हा सीपीयूत गाळ. त्यात ताईच्या लग्नाचे फोटो, दुकानाची बारा वर्षांची खाती. बाबांनी काय केलं तर कॅबिनेट उघडून आठ दिवस उन्हात ठेवलं आणि मग बटण दाबलं. दोन्ही चुकीचं. पुण्याच्या रिकव्हरीवाल्यानं नंतर सांगितलं की भिजलेली हार्डडिस्क वाळवायची नसते, गाळ आत चिकटून बसतो, ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत घालून तशीच आणायची, आणि करंट तर अजिबात द्यायचा नाही. काही फोटो निघाले. खाती नाही निघाली. मग बाबांनी गिऱ्हाइकांना विचारून विचारून उधारी परत लिहिली आणि खरं सांगतो, बहुतेकांनी खरं सांगितलं.

२०२१ च्या जुलैला परत पाणी. यावेळी गणपती आणि हार्डडिस्क या दोनच गोष्टी बाबांनी स्वतःच्या हातानं घेतल्या, बाकी सगळं आम्हाला उचलायला लावलं. सीपीयूचं झाकण स्क्रू न लावता तसंच ठेवतो आता, पावसाळ्यात.

खोडरबर

कॉम्प्युटर चालू होईना की आमच्याकडं एकच उपाय. रॅम काढायची, पिवळ्या पट्टीवर खोडरबर घासायचा, परत बसवायची. दहातली सात वेळा चालू होतं. उरलेल्या तीन वेळा पाल असते.

सदाशिव पेठ, सातारा

पुण्याची नव्हे, साताऱ्याची सदाशिव पेठ, आधीच सांगून ठेवतो.

मामांचा फोन, "सगळ्या साईट हॅक झाल्यात". म्हणलं सगळ्या कशा होतील. तर म्हणे बँक, रेल्वे, पेपर, काहीही उघडलं की लाल पाटी, कनेक्शन सुरक्षित नाही. नेटवाल्याला दोनदा बोलावलं, त्यानं राऊटर बदलला, चारशे घेतले. कुणीतरी अँटीव्हायरस विकला. मी पुण्यावरनं व्हिडिओ कॉलवर बघायला लागलो, "मामा स्क्रीन दाखवा" तर त्यांनी मला पाऊण तास पंखा दाखवला, मागच्या कॅमेऱ्याचं बटण काय सापडेना. शेवटी मामीनं फोन हिसकावून घेतला आणि दाखवली स्क्रीन. कोपऱ्यात तारीख होती १ जानेवारी २००९.

मदरबोर्डवर बटणासारखा गोल सेल असतो, सीआर २०३२, तो संपला की कॉम्प्युटर बंद केल्यावर घड्याळ मागं जातं. आणि प्रत्येक सुरक्षित साईटच्या सर्टिफिकेटवर अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत असं लिहिलेलं असतं. कॉम्प्युटर २००९ मध्ये बसलाय, त्याच्या हिशोबानं ते सर्टिफिकेट अजून जन्मालाच यायचंय, मग तो कशाला विश्वास ठेवतोय. तीस रुपयांचा सेल, राजवाड्यासमोर घड्याळवाल्याकडं मिळाला. मामा अजून म्हणतात की अँटीव्हायरसनं झालं.

आत्याची भाची (कऱ्हाड)

माझं जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आमच्या आत्यानं चाळीस वर्षं ओव्या गोळा केल्या. शेतात, लग्नघरात, जिथं बाया दळायला कांडायला बसायच्या तिथं जाऊन लिहून घ्यायच्या. नव्वदच्या दशकात त्यांनी कुणाकडून तरी टाईप करून घेतल्या, फ्लॉप्या, मग सीडी. आत्या गेल्या आणि सीडी माझ्याकडं आली. उघडली तर एकही अक्षर मराठी नाही. सगळी इंग्रजी अक्षरं, मधे कंस, मधे डॉलर. कारण तेव्हाचे फॉन्ट असे होते की आत साठवलेलं अक्षर इंग्रजीच, फक्त चित्र मराठीचं. तो फॉन्ट असला तर ओवी, नसला तर शिव्या दिल्यासारखं दिसतं. आणि प्रत्येक फॉन्टचं कोष्टक वेगळं. तीन महिने गेले नुसता कुठला फॉन्ट ते ओळखण्यात, मग युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडं चालतं त्या मराठीत, बदलायची फुकटची कन्व्हर्टर वापरली, तरी पहिली वेलांटी आणि रफार हमखास चुकीच्या जागी, म्हणून हजारभर ओव्या डोळ्यांनी वाचून काढल्या. आईला शेजारी बसवायची, ती चालीवर म्हणायची, जिथं चाल अडखळली तिथं टायपिंगची चूक. याहून चांगला स्पेलचेक मला मिळाला नाही.

साईट झाली, शोधायची सोय केली. एकीनं 'सासऱ्या' असं टाकून बघितलं तर निम्म्याच ओव्या आल्या. ओवीत सासरा किती येतो तुम्हाला माहितीच आहे. डोकं फुटायची वेळ. नंतर कळलं की हा ऱ्या, म्हणजे चंद्रकोरीसारखा र जोडलेला, तो दोन तऱ्हेनं टाईप होतो, एकात नुक्त्याचा ऱ वापरतात आणि दुसऱ्यात साधा र घेऊन मधे एक न दिसणारी खूण टाकतात. डोळ्याला दोन्ही डिट्टो सारखे, मशीनला दोन वेगळे शब्द. सगळे एका पद्धतीचे करून घेतले. हे हिंदीवाल्यांना भोगावं लागत नाही, त्यांच्यात हा र नाहीच.

अजून एक, पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी असं सांगितलं तर चांगल्या फॉन्टमध्ये ल आणि श आपल्या वळणाचे दिसतात, नाहीतर हिंदी वळणाचे. आईनं न सांगता ओळखलं, "आता आत्याच्या अक्षरासारखं दिसतंय".

पटावरचं प्यादं (सांगली)

आत्याची भाची, चालीवर म्हणून चूक शोधायची ही गोष्ट आण्णांना वाचून दाखवली. दोनदा वाचायला लावली.

वाघजाई

मी कोरेगावची. माझी चूक सांगते, हसू नका.

आज्जीच्या फोनमध्ये मी रिमोटचं ॲप टाकलं होतं, म्हणजे मुंबईवरनं मला तिचा फोन दिसतो. रोज रात्री मी फोन करायची, "आज्जी, तो नऊ आकडी नंबर सांग, आता हो म्हण". दोन वर्षं हेच. मग एकदा एकाचा फोन आला, वीजबिल भरलं नाही, रात्री साडेनऊला लाईट तोडणार, नऊ आकडी नंबर सांगा. आज्जीनं सांगितला. हो म्हणली. तिला वावगं वाटायचं कारणच काय, मीच शिकवलं होतं की नंबर विचारला की सांगायचा. आठरा हजार गेले. १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, लगेच फोन लावला, बँकेतनं खातं गोठवलं, काही पैसे मधेच अडकले ते मिळाले, काही गेले.

आता नियम असा की नंबर सांगायच्या आधी आज्जी विचारणार, "आपल्या म्हशीचं नाव काय?" गेल्या आठवड्यात दादानं फोन केला, त्यानं जुन्या म्हशीचं नाव सांगितलं तर आज्जीनं फोन ठेवला. बरोबर केलं.

कासची वाट

सातारा. दर सप्टेंबरला कासला जातो आणि फुलांचे फोटो मराठी नावांसकट साईटवर टाकतो, तेरडा, सीतेची आसवं, कवला. २०१३ ला केलेली वर्डप्रेसची साईट, थीम माझीच जोडजोड करून. सर्व्हरवर पीएचपी, म्हणजे वर्डप्रेस ज्यावर चालतं ते, ७.४ होतं, त्याचा सपोर्ट नोव्हेंबर २०२२ ला संपला, मग एके दिवशी तिथं ८ आलं आणि साईट पांढरी फट्ट. चूक माझी, माझ्या थीममध्ये असली जुनी फंक्शनं होती जी ८ नं काढूनच टाकलीत. त्याआधी बरेच महिने सूचनेचे मेल येत होते आणि मी म्हणत होतो, पावसाळा झाल्यावर बघू.

तेव्हा वैतागून सगळी साईट साधी एचटीएमएल करून टाकली. डेटाबेस नाही, लॉगिन नाही, फोल्डरमध्ये पानं आणि फोटो. बदल करायला वेळ लागतो पण वर्षातनं एकदाच तर करायचाय. तीन वर्षं फोटो टाकण्यापलीकडं हात लावला नाही, चालू आहे. फक्त सर्टिफिकेट, ते फुकटचं ९० दिवसांचं असतं आणि आपोआप नवं होतं, एकदा झालं नाही तेव्हा पहिला फोन बायकोचा आला, "तुझी फुलं धोकादायक झालीत म्हणे".

मिरज जंक्शन

मी हौसेनं घरातच रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा कॉम्प्युटर, लावून त्यावर साईट ठेवली होती. घरातनं मस्त दिसायची, बाहेरनं कुणालाच नाही. पंधरा दिवस राऊटरशी कुस्ती. मग नेटवाल्या पोरानं सांगितलं, तुम्हाला स्वतःचा पत्ताच नाही, शेकडो गिऱ्हाइकांत एक पत्ता वाटून दिलाय. म्हणजे वाड्याला नंबर एकच, आत बिऱ्हाडं शंभर, पोस्टमन दारात येऊन कुणाला हाक मारणार. टनेल, म्हणजे बाहेरच्या सर्व्हरमार्फत वाट, लावून मार्ग काढला तोवर लाईट गेली आणि एसडी कार्ड खराब झालं. सोडला नाद. पाय आता देव्हाऱ्यात भजनं वाजवतो, आईच्या मते त्याचा हा पहिला उपयोग.

तासगाव बेदाणा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, सासऱ्यांचा लॅपटॉप २०१५ चा, ११ घेतच नाही. विंडोजच्या जागी फुकटचं लिनक्स मिंट टाकून दिलं. पेन्शनचं काम होतं, युट्यूब चालतं, मराठी टायपिंग होतं, सगळं बघितलं, मान हलवली आणि म्हणाले, "जावईबापू, पत्ते कुठं गेले?"

पटावरचं प्यादं (सांगली)

सगळ्यांचं वाचतोय. एक ताजी बातमी देतो. साईटच्या भानगडीनंतर आण्णांना म्हणलं सगळे पासवर्ड एका वहीत लिहा, वही आईच्या कपाटात ठेवू. आण्णांनी चार दिवस बसून लिहिले. काल बँकेचा लागला म्हणून वही उघडली तर पानभर घोडा एफ ३, उंट बी ५, वजीर डी २. चोराच्या हातात पडली तर कळू नये म्हणून त्यांनी प्रत्येक पासवर्ड एकेका डावाच्या चालींत लपवलाय. कुठला पासवर्ड कुठल्या डावात ते विचारलं, तर म्हणाले ते वेगळ्या वहीत लिहिलंय. ती वही शोधतोय.