ई-कचरा नेणारी कंपनी खरंच रिसायकल करते का, हे कसं ओळखायचं?

लॅब_सांभाळणारी
नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित कॉलेजात कॉम्प्युटर लॅब बघते. डेड स्टॉक रजिस्टरमधली जुनी मशीन्स, मॉनिटर, प्रिंटर, युपीएस असा बराच माल निर्लेखनाला (रजिस्टरमधून कमी करायला) निघालाय. कोटेशन मागवली तर एकजण किलोला सगळ्यात जास्त भाव देतोय आणि वर म्हणतोय की मॅडम सर्टिफिकेट आजच घ्या, गाडी नंतर पाठवतो. म्हणजे माल उचलायच्या आधीच "शास्त्रोक्त विल्हेवाट लावली" असं लिहून द्यायला तयार! आमच्या सरांचं म्हणणं, नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फाइलला कागद लागतो, तो मिळतोय, मग द्या. मला ते पटत नाहीये. हार्ड डिस्कमध्ये मुलांचे प्रवेशअर्ज, आधारच्या कॉप्या सगळं आहे, आणि गाडी गेटबाहेर पडली की पुढे काय होतं ते आपल्याला कळायला नको का? नक्की काय विचारायचं त्यांना?

काटापावती
मॅडम, मी याच धंद्यात आहे, पुण्याजवळच्या एका प्लांटमध्ये इनवर्डला. आधी सर्टिफिकेट देणाऱ्याला माल देऊच नका, विषय संपला.
आता नीट सांगतो. २०२२ चे ई-वेस्ट नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, त्यात रिसायकलरला सीपीसीबीच्या (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) पोर्टलवर नोंदणी लागते आणि आपल्या एमपीसीबीची (महाराष्ट्राच्या मंडळाची) संमतीही लागते. नोंदणी रिसायकलरची आहे की फक्त रिफर्बिशरची (जुनी मशीन दुरुस्त करून विकणाऱ्याची) ते बघा, क्षमता किती टनांची लिहिलीय आणि संमतीची मुदत संपलीय का तेही बघा. पण एवढ्यावर थांबू नका, कारण कागद सगळ्यांकडे असतात. खरा प्रश्न हा विचारायचा की तुमच्याकडून पुढे माल कुठे जातो. आम्ही मशीन खोललं की लोखंड, ॲल्युमिनियम, तांबं, प्लास्टिक, काच आणि सर्किट बोर्ड असं वेगळं होतं. लोखंड-ॲल्युमिनियम भट्टीला जातं, पण बोर्डातून सोनं नीट काढणारे प्लांट आपल्याकडे मोजकेच, काहीजण बोर्ड बेल्जियममधल्या युमिकोरसारख्या परदेशी स्मेल्टरकडे (धातू वितळवून काढणाऱ्या कारखान्याकडे) पाठवतात. जो पाठवतो त्याच्याकडे बिलं असतात आणि तो दाखवतो. जो "ते आमचं आम्ही बघतो" म्हणतो त्याचे बोर्ड बहुतेक ॲसिडच्या टबात जातात, उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादला अशा ई-कचऱ्याने रामगंगा नदीचा काठ कसा खराब झाला ते सगळ्यांनी वाचलंच असेल. दुसरं म्हणजे वजन. आत आलेलं वजन आणि बाहेर गेलेल्या सगळ्या मालाचं वजन, घट धरून, जुळायला हवं. हा हिशोब मागितला की निम्मे लोक फोन उचलत नाहीत.
अजून एक, तुम्हाला मिळणारं सर्टिफिकेट आणि ईपीआर सर्टिफिकेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ईपीआर म्हणजे वस्तू बनवणाऱ्या कंपनीवरची तिच्या कचऱ्याची जबाबदारी. ते सर्टिफिकेट पोर्टलवर तयार होतं, सोनं, तांबं, लोखंड, ॲल्युमिनियम या चार धातूंच्या हिशोबाने, आणि ते टीव्ही-फ्रिज बनवणाऱ्या कंपन्या विकत घेतात. प्लास्टिक आणि काचेवर त्यात काही मिळत नाही, म्हणून ते नीट हाताळायचा खर्च वाचवायचा मोह होतो. या कंपन्यांनी रिसायकलरला द्यायचा किलोला २२ रुपये किमान दर सरकारने ठरवला तर मोठ्या कंपन्या दिल्ली हायकोर्टात गेल्या. दर पाडला की प्रामाणिक प्लांट आधी मरतो आणि नुसते कागद विकणारा टिकतो, हे मी रोज बघतोय.

पावसाळी_सिएटल
हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. इथे सिएटलमध्ये टोटल रिक्लेम नावाची मोठी रिसायकलिंग कंपनी होती, ई-स्ट्युअर्ड्स हे जबाबदार रिसायकलिंगचं प्रमाणपत्र असलेली. ई-कचऱ्याच्या निर्यातीवर नजर ठेवणाऱ्या बेसल ॲक्शन नेटवर्क या संस्थेने जुन्या एलसीडी मॉनिटरमध्ये गुपचूप जीपीएस ट्रॅकर बसवले, ते निघाले हाँगकाँगला. त्या मॉनिटरच्या पाठच्या ट्यूबमध्ये पारा असतो आणि तिथे कामगार ते हाताने फोडत होते. तपासात निघालं की साधारण ८३ लाख पौंड, म्हणजे ३७ लाख किलोच्या वर मॉनिटर असे बाहेर पाठवले, आणि गिऱ्हाइकांना सांगायचे की इथेच रिसायकल केलं, त्यासाठी कागदपत्रंही खोटी केली. २०१९ मध्ये दोन्ही मालकांना २८-२८ महिन्यांची शिक्षा झाली. ज्यांनी पकडलं तीच संस्था ई-स्ट्युअर्ड्स चालवते, म्हणजे स्वतःच्याच प्रमाणपत्रवाल्याला पकडलं, याचा मला फार आदर वाटतो. ऑडिटमध्ये हे सापडलं नव्हतं, माल कुठे जातो त्याचा माग काढल्यावर सापडलं.

जुना_बाजार
एक विनंती, भंगारवाल्यांना सरसकट दोष देऊ नका. माझे काका याच धंद्यात आयुष्यभर होते. मशीन स्क्रूने खोलून एकेक भाग वेगळा करण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नाही. तारा जाळणं आणि ॲसिड, नुकसान तिथे होतं. नोंदणीवाल्या प्लांटने या लोकांकडून खोललेला माल बिलावर विकत घेतला तर सगळं उजेडात येईल, पण बरेच प्लांट त्यांच्याकडून घेतात आणि कागदावर दाखवतच नाहीत.

लॅब_सांभाळणारी
खूप आभार सगळ्यांचे. काटापावती दादा, भाव कमी देणाऱ्याला फोन केला, तो म्हणाला प्लांटवर या आणि रजिस्टर बघा. जाणार आहे, सरांनाही घेऊन जाते. हार्ड डिस्कचं काय करू?

काटापावती
सरांना न्याच. डिस्क मशीनमधून काढून स्वतःकडे ठेवा, तुमच्या आवारात, तुमच्या समोर ड्रिल किंवा श्रेड करायला लावा. कोणी डिगॉसिंग (चुंबकाने डेटा पुसणं) करतो म्हणाला तर लक्षात ठेवा, एसएसडीवर त्याचा उपयोग नाही. प्रत्येक डिस्कचा सिरियल नंबर डेड स्टॉक रजिस्टरला लिहा आणि सर्टिफिकेटवर तेच नंबर मागा, नुसतं "२०० किलो ई-कचरा" लिहिलेलं घेऊ नका. युपीएसच्या बॅटऱ्या वेगळ्या काढा, त्यांना बॅटरी वेस्टचे वेगळे नियम लागतात, तो परवाना या प्लांटकडे असेलच असं नाही. आणि वजन गावातल्या धर्मकाट्यावर करून पावती तुमच्या फाइलला लावा, गाडी निघायच्या आधी.