बटण दाबल्यावर मेथडमधला ‘धिस’ भलताच निघतो

मुक्ता_सदाशिवपेठ:
मावशीच्या दिवाळी फराळाच्या मागण्या घ्यायला जावास्क्रिप्टमध्ये वेबपान करतेय. चकली, कडबोळी, अनारसे: प्रत्येकाचा ‘पदार्थ’ क्लासचा एकेक ऑब्जेक्ट. त्यात ‘पाकिटं’ हा आकडा आणि ‘वाढव’, ‘दाखव’ या मेथड (ऑब्जेक्टची फंक्शन्स). कन्सोलवर चकली.वाढव() लिहिलं की आकडा बरोबर वाढतो. तीच मेथड क्लिकवर चालावी म्हणून बटणाच्या अ‍ॅडइव्हेंटलिसनरला दिली, तर ‘धिस.दाखव हे फंक्शन नाही’ अशी एरर येते आणि चकलीची पाकिटं शून्यच राहतात. धिस, म्हणजे मेथड ज्या ऑब्जेक्टवर चालतेय तो, छापून पाहिला, तर तिथे बटण! असं का?

कर्वेनगर_कोडर:
चकली.वाढव.बाइंड(चकली) दे, धिस चकलीलाच बांधला जाईल, चालेल.

मुक्ता_सदाशिवपेठ:
चाललं, धन्यवाद! पण वसुबारसेला मागण्या बंद करायच्यात. बसवलेलं काढणाऱ्या रिमूव्हइव्हेंटलिसनरला हेच बाइंड लिहून दिलं, तरी बटण चालूच. एररही नाही.

आपटेरोड:
मुक्ता, आधी कारण बघ, म्हणजे पुन्हा अडायचं नाही. चकली.वाढव असं कंसाशिवाय लिहिलंस की नुसतं फंक्शन हातात येतं, ते चकलीचं होतं हे सोबत येत नाही. साध्या फंक्शनचा धिस ठरतो तो हाक मारताना. इथे हाक मारतो ब्राउझर, आणि ज्या घटकावर लिसनर बसवलाय तोच धिस म्हणून देतो. बटणावर ‘पाकिटं’ नाहीच. अनडिफाइन्डमध्ये, म्हणजे नसलेल्या किमतीत, एक मिळवला की नॅन (‘हा आकडा नाही’) होतो आणि तो बटणालाच चिकटतो. त्या बटणाची ‘पाकिटं’ छापून बघ, दिसेल.

आता काढण्याचं. बाइंड दर वेळी नवं फंक्शन बनवतं. काढताना मात्र बसवलेलंच फंक्शन द्यावं लागतं, हुबेहूब दुसरं चालत नाही. सापडलं नाही तर ब्राउझर काही बोलत नाही. म्हणून कन्स्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या मेथडमध्ये) एकदाच बाइंड करून ठेव आणि दोन्हीकडे तेच वापर. बसवताना अ‍ॅरो फंक्शन (=> वापरून लिहिलेलं छोटं फंक्शन) दिलंस तरी तेच: व्हेरिएबलमध्ये धरून ठेवलं नाहीस तर काढता येणार नाही.

मी मात्र हँडलइव्हेंट वापरतो, आणि इतकी सुरेख सोय फारशी कुणी शिकवत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. क्लासमध्ये ‘हँडलइव्हेंट’ नावाची मेथड लिही आणि लिसनर म्हणून फंक्शनऐवजी ऑब्जेक्टच दे: बटण.अ‍ॅडइव्हेंटलिसनर(‘क्लिक’, चकली). ब्राउझर ती मेथड शोधून चालवतो, आणि धिस असतो चकली. बटण हवं असेल तर इव्हेंट.करंटटार्गेट आहेच, अधिक-उणे दोन्ही बटणं एकाच मेथडमध्ये ओळखता येतात. काढतानाही तोच ऑब्जेक्ट द्यायचा. 2000 सालच्या डॉम लेव्हल 2 इव्हेंट्स या ब्राउझरच्या मानकातच हे होतं. बाइंड भाषेत आलं 2009 च्या ईएस5 या जावास्क्रिप्टच्या आवृत्तीत. फक्त बटण.ऑनक्लिकला ऑब्जेक्ट देऊ नकोस, तिथे हँडलइव्हेंट चालत नाही.

कर्वेनगर_कोडर:
सगळे लिसनर एकदम काढायचे तर अबॉर्टकंट्रोलर बघ. लिसनर बसवताना तिसऱ्या जागी पर्यायांच्या ऑब्जेक्टमध्ये त्याचा सिग्नल द्यायचा, नंतर एकदा अबॉर्ट() केलं की सगळे सुटतात.

मुक्ता_सदाशिवपेठ:
हँडलइव्हेंट लावलं, चकली-कडबोळी दोन्ही बरोबर मोजताहेत. तीन पदार्थच आहेत, त्यामुळे काढायलाही ऑब्जेक्टच देतेय, आणि बटणही थांबतंय. दादा, खूप आभार.

आपटेरोड:
छान! बटणं डिसेबलही कर, गिऱ्हाइकाला दिसायला हवं. आणि मुदतीची तपासणी सर्व्हरवर ठेवच. पान आदल्या दिवसापासून उघडं असलं तरी मागणी येऊ शकते.