क्रूझ कंपनीचे 100 शेअर घेतले की बोटीवर 100 डॉलर मिळतात म्हणे. घ्यावेत का?

बॉथेलचा_कराडकर

नमस्कार मंडळी,

आई-बाबा मे अखेरीस कराडहून आमच्याकडे येतायत. यंदा त्यांच्या लग्नाला 45 वर्षं होतील. बाबांनी आयुष्यभर एसटीच्या पलीकडे प्रवासाचा विचार केला नाही, म्हणून जुलैमध्ये त्यांना अलास्काची क्रूझ दाखवायचं ठरवतोय. प्रिन्सेसची सात रात्रींची सफर, सिअ‍ॅटलहून निघून सिअ‍ॅटललाच परत. दोन केबिन घ्याव्या लागतील: एकीत मी, बायको आणि नऊ वर्षांची लेक, दुसरीत आई-बाबा.

डॅलसच्या भावोजींचं म्हणणं असं, की बुकिंगआधी कार्निव्हल कॉर्पोरेशनचे 100 शेअर घेऊन टाक. प्रिन्सेस त्यांचीच, दर सफरीला 100 डॉलर बोटीवरच्या खात्यात जमा होतात, फुकटचे पैसे आहेत. शिवाय लॉयल्टीची सवलत वेगळी, एजंटचं क्रेडिट वेगळं, पुढच्या सफरीचं डिपॉझिट वेगळं. तीन संध्याकाळी हेच वाचतोय आणि डोक्यात नुसता काला झालाय. शेअरचे तीनेक हजार डॉलर सहज काढता येतील असे नाहीत, काढायचे तर लेकीच्या उन्हाळी शिबिराचे पैसे हलवावे लागतील.

शेअर घ्यावेत का? दोन्ही केबिनना क्रेडिट मिळतं का? ते पैसे कशावर खर्च करता येतात? अनुभवी लोकांनी सांगावं.

---

वहीवाली_ताई, एडिसन

या कारणासाठी शेअर घेऊ नका. शिबिराचे पैसे तर अजिबात हलवू नका.

मी स्वतः भागधारक आहे म्हणून हक्काने सांगते. 2016 साली कार्निव्हलचे 100 शेअर घेतले, पन्नास डॉलरच्या आतबाहेर भाव होता, म्हणजे पाचेक हजार गेले. तेव्हा आम्ही दोघं दरवर्षी क्रूझला जायचो, त्यामुळे हिशोब सोपा वाटला. 2018 च्या सुरुवातीला भाव सत्तरीला टेकला. तिमाहीला शेअरमागे 50 सेंट लाभांश यायचा, वर्षाचे 200 डॉलर घरबसल्या, आणि त्यावर सफरीचं क्रेडिट. ह्यांना मी म्हटलंसुद्धा, यापेक्षा चांगली खरेदी मी आयुष्यात केली नाही.

मार्च 2020 मध्ये जहाजं बंदरात उभी राहिली आणि लाभांश बंद झाला. एप्रिलमध्ये कंपनीने पैसा उभा करायला नवे शेअर 8 डॉलरने विकायला काढले. माझे पाच हजार त्या दिवशी आठशे झाले होते. ऑक्टोबर 2022 मध्ये तर भाव सातच्याही खाली गेला. 2025 मध्ये कुठे परत तिशी गाठली. आम्ही दोघं पेन्शनीत आलो होतो, दुसरी बचत होती, म्हणून थांबू शकलो. ज्यांना मध्येच पैसे लागले असतील त्यांचं काय झालं असेल, हा विचार तेव्हा रोज यायचा.

आता क्रेडिटचा हिशोब. मी प्रत्येक सफरीची वही ठेवते, तिच्यातून उतरवते: 100, 100, 100, 50, 100, 250, 100. नऊ वर्षांत क्रेडिट मिळालेल्या सात सफरी, एकूण 800 डॉलर. कार्निव्हल कॉर्पोरेशनचा दर असा आहे: सहा दिवसांपर्यंत 50, सात ते तेरा दिवस 100, चौदा किंवा जास्त दिवस 250. अट किमान 100 शेअरची. तुमच्याकडे पाचशे असले तरी रक्कम तेवढीच राहते. यात कार्निव्हल, प्रिन्सेस, हॉलंड अमेरिका, क्युनार्ड, सीबोर्न, कोस्टा अशी त्यांची सगळी घराणी आली. रॉयल कॅरिबियन आणि नॉर्वेजियन यांच्याकडेही 100 शेअरचीच अट आहे, रकमांचे टप्पे थोडे वेगळे आहेत.

हे आकडे शेअरच्या भावाशेजारी मांडून बघा. तुमच्या हातात 100 शेअर असताना भाव एक डॉलरने खाली आला की 100 डॉलर गेले, म्हणजे अलास्काच्या पूर्ण सफरीचं क्रेडिट. एक डॉलर इकडेतिकडे व्हायला या शेअरला एक दुपार पुरते. तुम्ही तीन वर्षांतून एकदा जाणार असाल तर या लाभाचं वजन किती, ते तुमचं तुम्हीच ठरवा. कंपनीचा धंदा समजून, दहा वर्षं ठेवायच्या तयारीने कुणी शेअर घेत असेल तर जरूर घ्यावेत, आणि मग क्रेडिट सोडू नये. इंधन महागलं किंवा साथ आली की काय होतं हे समजून घ्या. कंपनीवर कर्ज किती आहे तेही बघा. भावोजी हे बोलले का?

केबिनबद्दल: क्रेडिट केबिनमागे एकच मिळतं, आणि भागधारक त्या केबिनमध्ये असावा लागतो. शेअर तुमच्या नावावर असतील तर आई-बाबांच्या केबिनला काही नाही. तुमच्या भावोजींच्या शेअरवर तुम्हाला मिळेल असंही नाही, ते दुसऱ्याला देता येत नाही.

अर्ज आपल्याला करावा लागतो, आपोआप काही जमा होत नाही. हल्ली स्टॉकपर्क्स नावाच्या ॲपवरून होतो. पूर्वी ब्रोकरचं स्टेटमेंट पाठवायचो, त्यावर नाव, तारीख आणि शेअरची संख्या स्पष्ट दिसायला हवी. इथे माझा एकदा घोटाळा झाला. माझ्या दोन बहिणींबरोबर दहा दिवस गेले होते, हे घरीच होते. स्टेटमेंट घाईत काढलं, ते निघालं यांच्या एकट्याच्या खात्याचं. उत्तर आलं की या नावाचा प्रवासी केबिनमध्ये नाही. दुसरं पाठवेपर्यंत मुदत संपली होती. वहीत त्या सफरीपुढे रिकामी जागा आहे, अजून बघितली की वाईट वाटतं, कारण ते पैसे बहिणींना चहा-कॉफीला द्यायचे ठरवले होते. म्हणून आता मी महिनाभर आधी अर्ज करते आणि जहाजावर चढल्याच्या पहिल्या संध्याकाळी खातं उघडून जमा झालं की नाही ते बघते. उतरल्यावर भांडण्यात अर्थ नसतो.

लॉयल्टी पहिल्या सफरीला काही देत नाही, तेव्हा तिच्या मोहात पडून कंपनी निवडू नका. ती वर्षांनी वाढते. प्रिन्सेसमध्ये पहिल्या सफरीनंतर गोल्ड, पुढे रुबी, प्लॅटिनम, आणि पंधरा सफरी किंवा 150 दिवस झाले की एलिट. एलिटला बोटीवर कपडे फुकट धुऊन मिळतात. आम्ही प्लॅटिनमला आहोत. मला त्याचा खरा उपयोग एकच, चढताना रांग वेगळी असते आणि माझ्या गुडघ्यांना तेवढं बरं पडतं. रॉयल कॅरिबियनचा हिशोब रात्रींवर आहे: रात्रीला एक गुण, स्वीटमध्ये दोन, आणि 80 गुणांना डायमंड. सगळ्यांचे सभासद नंबर मात्र काढून ठेवा, आई-बाबांचेसुद्धा.

तुमच्यासारख्यांचा खरा फायदा एजंटकडे आहे. प्रवाशाला पडणारं भाडं सगळीकडे जवळपास सारखंच असतं, पण एजंट आपल्या कमिशनमधून ऑनबोर्ड क्रेडिट देतात, कॉस्टकोसारखी सभासदांची मोठी दुकानं खरेदीचं कार्ड देतात. तिघांकडून दर मागवा. दोन केबिन एकत्र म्हटलं की बोलणं सोपं होतं. यात तुमचा एक डॉलरही अडकत नाही.

---

मालवणचो_दर्यावर्दी

ताईंनी शेअरचं सगळं सांगितलंच आहे. मी नऊ वर्षं जहाजावर गेस्ट सर्व्हिसच्या काउंटरला होतो, आता गावी असतो. खर्चाचं मी सांगतो.

ऑनबोर्ड क्रेडिट दोन तऱ्हेचं असतं, परत मिळणारं आणि न मिळणारं. घरच्या कुणी पैसे भरून भेट दिलेलं सहसा परत मिळतं, शेवटी उरलं तर कार्डावर जमा होतं. कंपनीने सवलत म्हणून दिलेलं, भागधारकांचंही त्यातच, उतरलात की संपलं. आणि भागधारकांचं क्रेडिट कॅसिनोत चालत नाही, खात्याला लागणाऱ्या टिपसाठीही चालत नाही. लोकांना हे शेवटच्या रात्री कळतं.

ती शेवटची रात्र मी नऊ वर्षं बघितली. बॅगा बाहेर ठेवायच्या, दुकानं बंद व्हायला तासभर, आणि काउंटरपासून जिन्यापर्यंत रांग. एक आजी आठवतात, हातात बिलाचा कागद, बोट एका ओळीवर ठेवलेलं. 41 डॉलर शिल्लक. त्या म्हणत होत्या, बाळा, हे माझ्या टिपमधून वळते कर, पोरांना मिळूदेत. खोली साफ करणाऱ्या पोराबद्दल त्या बोलत होत्या. मला ते करता येत नव्हतं, सिस्टिम घेतच नाही. मग मी त्यांना धावत दुकानात नेलं, नातवंडांसाठी टोप्या घेतल्या. तो पोरगा दोडामार्गचा होता, माझ्याच बाजूच्या बंकवर झोपायचा.

म्हणून एक विनंती. माणशी रोज पंधरा-वीस डॉलर क्रूसाठी खात्याला लागतात, ते काढून टाकू नका. काउंटरवर येऊन ते काढता येतात आणि आपले लोकही काढतात. त्या पैशांवर गोव्यात, सिंधुदुर्गात, रत्नागिरीत घरं उभी राहिली आहेत. बजेट करतानाच हा आकडा धरा. पाच माणसं, सात दिवस, म्हणजे पाचशे ते सातशे डॉलर, हे भाड्याच्या जाहिरातीत दिसत नाही.

आणि क्रेडिट पहिल्याच दिवशी वापरायला काढा. घरचे पीत नसतील तर बारवर जाणार नाही, प्रिन्सेसचं प्लस पॅकेज (भाड्यावर जादा पैसे देऊन घ्यायच्या सोयी) घेतलंत तर वायफाय आणि क्रूचे पैसे त्यातच येतात, मग क्रेडिट जायचं कुठे? किनाऱ्यावरच्या सहलीत घाला. अलास्कातल्या ज्युनोला देवमासे दाखवणारी बोट असते, तिच्यावर घाला. आईबाबांना तेच लक्षात राहील.

---

सदाशिव_पेठी

एक महत्त्वाचं राहतंय, ते क्रेडिटहून मोठं आहे. आई-बाबांचा कॅनडाचा व्हिसा काढलाय का? सिअ‍ॅटलहून निघणाऱ्या अलास्काच्या सफरी कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात, कारण 1886 च्या अमेरिकन कायद्याप्रमाणे परदेशी नोंदणीच्या जहाजाला अशा फेरीत एखादं परदेशी बंदर घ्यावंच लागतं. भारतीय पासपोर्टवर त्या संध्याकाळसाठी कॅनडाचा व्हिसा लागतो. केबिनमध्येच बसू म्हणून चालत नाही, सिअ‍ॅटलच्या धक्क्यावरच कागद बघतात. आणि अमेरिकेचा व्हिसा अनेक वेळा प्रवेशाचा आहे ना, तेही बघा.

दुसरं, भारतात राहून हे वाचणाऱ्यांसाठी. इथून अमेरिकी शेअर घेता येतात, एलआरएसखाली (परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. पण घेतले की दरवर्षी रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट भरावं लागतं, शेअर विकेपर्यंत. ते राहिलं तर नोटीस येते. माझ्याकडे असे दोन अशील आले, दोघांनीही बोटीच्या क्रेडिटपेक्षा जास्त पैसे नुसत्या दुरुस्तीच्या रिटर्नला घातले. निवृत्त माणसाने शंभर डॉलरसाठी हे मागे लावून घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

---

बॉथेलचा_कराडकर

सगळ्यांचे मनापासून आभार. व्हिसाचं डोक्यातच नव्हतं! आमची ग्रीन कार्डं आहेत, त्यामुळे कॅनडाचा विचार कधी करावाच लागला नाही. काल रात्रीच बाबांना फोन केला. ते पुढच्या आठवड्यात पुण्याला काकांकडे जाणार आहेतच, बायोमेट्रिक्स तिथल्या केंद्रात देता येतील. फॉर्म मी इथून भरतोय.

शेअर घेत नाही. भावोजींना ताईंचा एका डॉलरचा हिशोब सांगितला, ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले त्यांनी 2018 मध्ये घेतलेत.

तीन एजंटांना लिहिलं. एकाने दोन केबिनवर मिळून 250 डॉलर क्रेडिट देतो म्हटलंय. ते परत मिळणारं की न मिळणारं हे विचारलंय, उत्तराची वाट बघतोय. दर्यावर्दी दादा, क्रूचे सातशे वेगळे काढून ठेवले. शिबिराचे पैसे जागच्या जागी आहेत.

ताई, एक शेवटचं. बोटीवर पुढच्या सफरीचं डिपॉझिट घेतात, ते घ्यावं का?

---

वहीवाली_ताई, एडिसन

भावोजींना म्हणावं, विकायची घाई करू नका आणि अर्ज विसरू नका.

डिपॉझिट आई-बाबांना बोट मानवली तरच घ्या, आणि ते पाचव्या-सहाव्या दिवशी कळेल. प्रिन्सेसमध्ये माणशी 100 डॉलर भरायचे असतात. पुढच्या बुकिंगला ते वळते होतात आणि वर थोडं क्रेडिट मिळतं. तारीख तेव्हाच ठरवावी लागत नाही. पण ते विकणाऱ्या टेबलाशी शेवटच्या दिवशी गर्दी असते आणि माणूस घाईत सही करतो. आधी जा, कागद केबिनमध्ये आणून वाचा.

250 चं उत्तर लेखी घ्या, ईमेलवर. फोनवर नको. आणि क्रेडिट दोन केबिनमध्ये कसं वाटून पडणार तेही त्याच ईमेलमध्ये विचारा. सगळं तुमच्याच केबिनला पडलं तर आई-बाबांना प्रत्येक कॉफीला तुमचं कार्ड मागावं लागेल. माझ्या सासूबाईंनी तसं मागायला नको म्हणून चार दिवस कॉफी घेतलीच नव्हती, आम्हाला पाचव्या दिवशी कळलं. थोडं त्यांच्या खात्यात पडू द्या.