'के' मुका असलेले आणखी दोन शब्द
इंग्रजीत नी (knee, गुडघा), नाइफ (knife, सुरी), नॉक (knock, ठोठावणं) या शब्दांत सुरुवातीचा 'के' मुका, म्हणजे लिहितात पण उच्चारत नाहीत. तो मुका का, असं कुणी विचारलंय. पूर्वी इंग्रज तो उच्चारायचे. उच्चार गेला, स्पेलिंग राहिलं, पोरांच्या डोक्याला ताप! जर्मन लोक गुडघ्याला अजूनही 'क्नी' म्हणतात.

अशा शब्दांत माझी भर: नॉट (knot) म्हणजे गाठ. जहाजाचा वेगही नॉटमध्येच, एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. खलाशी ठरावीक अंतरावर गाठी मारलेली दोरी पाण्यात सोडायचे आणि वाळूचं घड्याळ रिकामं होईपर्यंत किती गाठी सरकल्या ते मोजायचे. म्हणून 'ताशी दहा नॉट' म्हणू नये, तास त्यातच आला.

निट (knit) म्हणजे विणणं, पण सुयांवर, स्वेटरसारखं. आपली सोलापुरी चादर मागावरची, तिला 'वीव्ह' (weave).